पहिला चीक

बुटीबोरीला धाग्याच्या एका कंपनीत मी तीस वर्षं नोकरी केली. मशीन मी आवाजावरून ओळखायचो. कोणतं बेअरिंग या आठवड्यात जाणार ते चहा पिता पिता सांगायचो, आणि ते जायचंच. या गुणामुळे माझ्या डोक्यात हवा गेली असं माझी बायको कांता म्हणते, आणि ती उगाच काही म्हणत नाही. रिटायर झालो तेव्हा मला वाटलं, ज्याला सूत कातणाऱ्या हजार चात्यांचं मशीन कळतं त्याला एक गाय कळायला कितीसा वेळ लागणार?

कुहीपासून सात किलोमीटरवर आमचं गाव. तिथं वडिलांचं घर होतं, घरामागे एकरभर जागा होती. बुटीबोरीची खोली सोडून आम्ही तिकडे राहायला गेलो आणि मी लगेच गाईसाठी कोठा बांधायला काढला. गाय कोणती, कोणाची, कुठून आणायची, काहीच ठरलेलं नव्हतं. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, त्यातला प्रकार. पण मी मोबाइलवर दोन महिने व्हिडिओ पाहिले होते, त्यामुळे कोणालाच विचारायची गरज मला वाटली नाही. कडबाकुट्टीचं मशीन आणलं. त्यात घालायला घरात काडीभर चारा नव्हता. पाण्याचं टाकं बांधलं. ते इतकं उंच झालं की गाईला स्टूल द्यावं लागलं असतं. आणि खाली घातला गुळगुळीत कोबा, घासूनपुसून, कंपनीच्या फ्लोअरसारखा. शेजारचे आनंदराव कुंपणावरून वाकून बघून गेले आणि जाताना एवढंच म्हणाले, "चंपतभाऊ, इथं गाय बांधाची हाय का नाचवाची?"

दुसऱ्या दिवशी ते वाक्य गावभर झालं. पानठेल्यावर मी दिसलो की कोणीतरी विचारायचं, नाच कधी आहे. गावाला तेवढंच पुरतं. मला राग लवकर येतो आणि आला की तो मुक्कामाला राहतो. मी मनाशी धरून बसलो की या सगळ्यांना एक दिवस माझ्या कोठ्यासमोर मान हलवायला लावीन.

गाय मिळाली ती माझ्या थोरल्या बहिणीकडून. तिचं नाव जयवंता. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात, म्हणून माझ्यासाठी ती बाईच. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, कुहीला दिलेली. तिच्या गाईचं नाव पवनी. आमच्या आईला तिच्या माहेरानं, म्हणजे पवनी गावच्या लोकांनी, एक पांढरी गवळाऊ गाय आंदण दिली होती. ती पहिली पवनी. मी सात वर्षांचा असताना आई गेली. पुढे बाईच्या लग्नात त्या गाईची कालवड बाईसोबत कुहीला गेली, आणि तेव्हापासून प्रत्येक पिढीतली एक कालवड बाईनं ठेवली आणि तिचं नाव पवनीच ठेवलं. आताची सहावी. आईचा एक फोटोसुद्धा आमच्याकडे नाही. आईचं म्हणून जे काही उरलं होतं ते बाईच्या दारात उभं राहून रवंथ करत होतं.

मागच्या पावसाळ्यात बाई अंगणात घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. नागपूरला ऑपरेशन झालं, पण खाट काही सुटली नाही. तिचा मुलगा जितेंद्र ड्रायव्हर आहे, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर असतो. सून एकटी सासूचं करणार की गाईचं? पवनी तेव्हा पाच महिन्यांची गाभण होती. तिला बाजारात न्यायचं बोलणं घरात निघालं तसं बाईनं मला बोलावून घेतलं.

खाटेशेजारी बसवून तिनं सांगितलं की गाय घेऊन जा. दूध तुझं, शेण तुझं, गोऱ्हा झाला तर तोही तुझाच. मागच्या तिन्ही वेतांना गोऱ्हेच झाले होते, आणि पवनीचं वय बघता हे तिचं शेवटचंच वेत होतं. हे सगळं बोलून झाल्यावर तिनं माझा हात धरला.

"कालवड झाली तं तेवढी जगव गा चंपत. मले दुसरं काही नोको."

मी हो म्हटलं. तेव्हा ते अवघड वाटलंच नाही.

मला गाईतलं काही येत नव्हतं याचं कारण सांगायला हवं. गावात वाढलेल्या माणसाला धार काढता येत नाही यावर कोणी विश्वास ठेवत नाही. आई गेल्यावर बाईची शाळा सुटली. गाई राखणं, शेण काढणं, धार काढणं, कुटार भिजवणं, सगळं सोळा वर्षांच्या त्या पोरीनं अंगावर घेतलं. मी दाव्याला हात लावायला गेलो की ती मला हाकलून द्यायची, पुस्तक घेऊन बस म्हणायची. माझ्या शर्टाला शेणाचा वास येऊ नये म्हणून तो ती घरात आत, पेटीत ठेवायची. त्यातूनच माझं आयटीआय झालं, नोकरी लागली. म्हणजे मी गाईतला अडाणी राहिलो तो बाईच्या मेहनतीनं राहिलो. तिनं ते मला येऊच दिलं नाही.

पवनी छोट्या टेम्पोतून आली आणि कोठ्यात पहिलं पाऊल टाकताच घसरली. पोटुशी गाय, चारी पाय चार दिशांना. मी आणि कांतानं कशीबशी तिला धरली. त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरलो. बाईला फोन केला तर ती म्हणाली की आधी त्या कोब्याला टाचे मार, जनावर काय आरशात तोंड बघणार आहे? मग मी तीन दिवस छन्नी-हातोडा घेऊन स्वतःच्या हातानं घोटलेला कोबा स्वतःच्याच हातानं खरबरीत करत बसलो. आनंदराव रोज येऊन बघायचे आणि काही बोलायचे नाहीत, त्यानं जास्त चीड यायची.

पुढचे चार महिने मात्र चांगले गेले. आता मागे वळून पाहतो तर वाटतं, माझ्या रिटायरमेंटमध्ये तेवढेच चांगले गेले. सुरुवातीला मी भिंतीवर चारा-पाण्याचं टाइमटेबल लावलं होतं. पवनी ते पाळायची नाही. तिला भूक लागली की ती हंबरायची आणि पोट भरलं की घमेल्याला पाय लावायची. ढेप किती द्यायची, तणस किती, ओला चारा किती, हे मी चुकत चुकत शिकलो. बाईचा रोज सकाळी फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला: शेण कसं आहे? तीस वर्षं मी वरिष्ठांना प्रॉडक्शनचा रिपोर्ट दिला, आता बहिणीला शेणाचा देत होतो, आणि खरं सांगतो, हा रिपोर्ट देताना मला जास्त बरं वाटायचं. पवनीच्या गळ्याखालची लोंबती पोळी खाजवली की ती मान लांब करून डोळे मिटायची. मशीननं माझ्यासाठी असं कधी केलं नव्हतं. बाईला हे सांगितलं की ती फोनवर हसायची. खाटेला लागल्यापासून ती हसत नाही असं सून म्हणायची, त्यामुळे मी मुद्दाम रोज काहीतरी हसण्याजोगं शोधून ठेवायचो.

आता खरवसाचं सांगतो. कंपनीत माझ्यासोबतची निम्मी माणसं आजूबाजूच्या खेड्यांतून येणारी होती. कोणाची गाय व्याली की स्टीलचा डबा यायचा. पिवळसर, गुळाचा, वेलदोड्याचा वास येणारा खरवस. डबा आणणारा त्या दिवशी राजा असायचा. सुपरवायझरसुद्धा त्याच्या मागे मागे फिरायचा. मी तीस वर्षं तो खाल्ला, दोन दोन वड्या उचलून खाल्ला, आणि एकदाही कोणाला देऊ शकलो नाही. गावातही तोच रिवाज: गाय व्याली की गल्लीतल्या घराघरात खरवस जातो. पानठेल्यावर नाचाची चौकशी करणाऱ्या प्रत्येक घरात मला माझ्या गाईचा खरवस पोचवायचा होता. रिवाज मला पाठ होता. पण मी तो खाणाऱ्याच्या बाजूनं शिकलो होतो. डबा भरण्याआधी त्या घरच्या कोठ्यात काय होतं ते मला कोणी दाखवलं नव्हतं, आणि मी कधी विचारलं नव्हतं.

जानेवारीतल्या एका सकाळी, नऊच्या सुमारास, पवनी व्याली. काही त्रास झाला नाही. मी आणि कांता दोघंच होतो. वासरू खाली आलं, पवनीनं वळून त्याला चाटायला सुरुवात केली, आणि कांतानं वाकून बघितलं. कालवड होती. पांढरी, कपाळावर भुरकट झाक.

मी बाईला फोन लावला आणि एकच शब्द बोललो.  पलीकडे ती रडायला लागली. रोज शंभर सूचना देणारी माझी बहीण त्या दिवशी एकही सूचना देऊ शकली नाही. शेवटी सुनेनं फोन घेतला आणि आई लय खुश आहेत, मामाजी, एवढं सांगून ठेवून दिला.

पवनीची कास तट्ट भरली होती. मी घासलेली बादली घेऊन बसलो. धार मी तोपर्यंत आनंदरावांच्या गाईवर शिकून घेतली होती. त्यांनी शिकवली, तेवढा मोठेपणा त्यांच्यात होता. पण गवळाऊ गाय वासराशिवाय पान्हा सोडत नाही. म्हणून मी ते ओलं, लटपटणारं वासरू उचलून पवनीच्या तोंडापुढे ठेवलं. ती त्याला चाटत राहिली, त्या चाटण्यानं पान्हा सुटला, आणि तो मी बादलीत घेतला.

कांता नागपूरची, शहरात वाढलेली. तिनंही आयुष्यात गाय पाळलेली नव्हती. पण तिला दोन लेकरं झालेली होती. ती माझ्या मागे उभी राहून म्हणाली, "अवो, आधी तिले तं लावा. तिनं अजून तोंड नाही लावलं."

मी म्हटलं की पिईल ती, जाते कुठे. गाय दिवसभर दूध करते. ही कास रिकामी झाली की संध्याकाळी पुन्हा भरेल आणि मग ती पोटभर पिईल. टाकी रिकामी झाली की भरते, हे मला कोणी शिकवायला नको होतं. दोन-अडीच लिटर चीक निघाला, हळदीसारखा पिवळा, चिकट. चारही सड मी शेवटच्या थेंबापर्यंत पिळले, कारण व्हिडिओत सांगितलं होतं की कासेत काही ठेवू नये.

मग घरात धांदल उडाली. चिकात दूध मिसळून, गूळ आणि वेलदोडे घालून कांतानं तीन पातेली वाफवली. बाईचा डबा मात्र मी वेगळा काढला. तिच्यासाठी निव्वळ चिकाचा खरवस, एक थेंब दूध न घालता. आयुष्यात पहिल्यांदा बहिणीकडे काहीतरी घेऊन जाणार होतो, ते पाणचट कसं न्यायचं?

गल्लीतल्या सतरा घरांत आम्ही दोघं फिरलो. लोक खरंच खुश झाले. ज्यांनी नाचाची थट्टा केली त्यांच्या बायकांनी मला बसवून चहा पाजला. आनंदरावांनी दोन वड्या खाल्ल्या, बोटं पुसली आणि म्हणाले की चंपतभाऊ, मानलं तुम्हाला. त्या वाक्यासाठी मी चार महिने थांबलो होतो. घरी परतलो तेव्हा वासरू उभं राहून पवनीच्या सुरकुतलेल्या कासेला ढुशा देत होतं. कांतानं डेअरीचं पिशवीतलं दूध कोमट करून बाटलीनं थोडं पाजलं आणि पाठ फिरवून आत गेली.

दोनच्या सुमारास मोटरसायकलला डबा अडकवून मी कुहीला निघालो. वीस मिनिटांत पोचलो. बाई उशाला टेकून बसली होती. सुनेनं तिची वेणी घातली होती, धुतलेलं लुगडं नेसवलं होतं. मी डबा उघडून तिच्या हातात दिला. तिनं पहिली वडी तोंडात टाकली आणि डोळे मिटले. आईच्या हातचा असाच लागायचा म्हणाली. मला मात्र आईच्या हातचं काही आठवत नाही.

दुसरी वडी तिनं हातात घेतली आणि खाल्ली नाही. बोटांत धरून दाबून पाहिली. मग सांगू लागली की शेजारच्या अंजनाबाईची गाय काल व्याली, सकाळी तिनंही वाटीभर खरवस पाठवला होता, पण तो पातळ होता, चमच्यानं खावा लागला. वासराचं भागवून उरलेल्याचा तसाच होतो. हे सगळं ती साध्या आवाजात बोलली. मग माझ्याकडे बघितलं.

"वासरू पोटभर पेलं ना गा आधी?"

तिच्या प्रश्नातच मला उत्तर कळलं होतं. आपलं काय चुकलं हे त्या क्षणी मला लख्ख समजलं. आणि तरी माझ्या तोंडून निघालं, "हो बाई. पोटभर पेली. तोंडाले फेस येईपर्यंत पेली."

तो फेस मी कुठून आणला, मला अजून कळत नाही. खोटं बोलणारा माणूस वर एक टाका जास्तच घालतो.

बाईचा चेहरा सैल झाला. ती वडी तिनं खाल्ली. खाता खाता सांगत होती की पहिला चीक हा वासराचा, त्याला जगायला तेच औषध, देवानं दुसरं दिलेलंच नाही. त्याचं पोट भरून उरेल तो माणसाचा वाटा. आई तिला हे सांगायची. तू आपणहून केलंस, म्हणजे आईचं रक्त आहे तुझ्यात, असं म्हणून तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. मला तेव्हा तिथंच सांगता आलं असतं. तीन वाजले होते. सहाच तास झाले होते.

बाहेर आलो तर अंजनाबाई दारात तणस टाकत होती. तिची गाय तिथंच बांधलेली, वासरू पोटाखाली शिरून पीत होतं. तिनं माझ्या कालवडीची चौकशी केली आणि आपणहून म्हणाली, "काही लागलं तं सांगजा भाऊ. माह्या गाईले चीक भरपूर हाय."

बाईच्या खोलीची खिडकी उघडी होती. मी एक बाटली मागितली असती तर ते बाईला ऐकू गेलं असतं. मी अंजनाबाईला सांगितलं की काही नको, सगळं ठीक आहे, आणि मोटरसायकलला किक मारली. रस्त्याभर मी स्वतःची समजूत घालत होतो. म्हटलं, जुन्या लोकांचं बोलणं असतं. कितीतरी वासरं डेअरीच्या दुधावर वाढतात. एका दिवसानं काय होतं?

संध्याकाळी पवनीनं जेमतेम अर्धा लिटर दिलं. ते सगळं मी कालवडीला पाजलं. रात्री ती गोणपाटावर अंगाचं वेटोळं करून झोपली. दुसऱ्या दिवशी तर चार उड्याही मारल्या, आणि मी सुटलो असं मला वाटलं. बाईला फोनवर उड्यांचं वर्णन केलं. तिचं नाव पवनीच ठेवायचं का, असं मी विचारलं तर ती म्हणाली की त्यात विचारायचं काय.

तिसऱ्या दिवशी सकाळी हगवण सुरू झाली. पांढरी, पाण्यासारखी, थांबेचना. दुपारी जनावरांच्या डॉक्टर श्वेता मॅडम आल्या. कालवडीच्या अंगात ताप होता. त्यांनी सलाइन लावलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, चीक कधी पाजला? मी म्हटलं, पाजला ना. त्यांनी पुन्हा विचारलं, जन्मल्यापासून किती तासांनी? कांता माझ्याकडे बघत होती. मी खरं ते सांगितलं.

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं की आजाराशी लढायची ताकद वासराला चिकातूनच मिळते, आणि त्याचं आतडं ती रक्तात घेतं ते पहिल्या काही तासांतच. जसा उशीर होतो तसं आतडं ते घेईनासं होतं. मी विचारलं की सहा-सात तासांनी दिला असता तर? मला माहीत नाही मी का विचारलं. त्या म्हणाल्या की दुसऱ्या गाईचा जरी मिळाला असता तरी बरीच आशा होती.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही बाईचा फोन आला. दोन्ही वेळा मी सांगितलं की उड्या मारते आहे.

पाचव्या दिवशी सकाळी कालवड गेली. कांतानं तिला उन्हात आणून मांडीवर डोकं घेतलं होतं. आनंदराव खड्डा खणायला आले, गल्लीतली आणखी दोन-चार माणसं आली. ज्यांनी खरवस खाल्ला होता तीच. कोणी एक शब्द वावगा बोललं नाही. पहिल्यांदा असं होतं, भाऊ, धीर धरा, असंच म्हणत होते. पवनी दोरी ताणून हंबरत होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

ही गोष्ट फोनवर सांगायची नव्हती. मी कुहीला गेलो. ठरवून गेलो होतो की सगळं सांगायचं. बाईच्या खाटेशी अंजनाबाई बसलेली होती. मी उंबऱ्यातूनच सांगितलं की बाई, कालवड गेली.

 बाई स्वतःलाच बोल लावायला लागली. गाभण राहावी म्हणून म्हातारी गाय भरवली तीच चूक, म्हणाली. तिच्या अंगात ताकद नव्हती तर वासराच्या अंगात कुठून येणार? मलाच हाव सुटली एका कालवडीची, त्यापायी तिचाही जीव शिणवला, असं म्हणत राहिली. मी तिथं उभा राहून हे ऐकत होतो. अंजनाबाईनं आयुष्यभर गाई पाळल्या आहेत. तिला ते पटलं नाही. तिनं विचारलं की चीक तर पाजला होता ना वेळेवर? मी तोंड उघडण्याआधी बाईच बोलली, आणि जरा तोऱ्यात बोलली.

"पाजला होता वं. तोंडाले फेस येईपर्यंत पाजला माह्या भावानं. त्याच्यावर बोट नोको ठेवू."

अंजनाबाई माझ्याकडे बघत राहिली. मग चहा ठेवते म्हणून उठून गेली.

मी खाली जमिनीवर बसलो, खाटेच्या माच्याला डोकं टेकवलं, आणि सांगितलं. बादली सांगितली, सतरा घरं सांगितली, डबा कशाचा होता ते सांगितलं. त्या दिवशी दारात अंजनाबाई काय म्हणाली होती तेही सांगितलं. रडत होतो, त्यामुळे काही गोष्टी दोनदा सांगाव्या लागल्या.  बाईचा हात माझ्या डोक्यावर होता, तो तिनं काढला नाही.

"तुले मालूम नव्हतं, ते माहं पाप," ती म्हणाली. "मीच तुले शिकू देलं नाही."

 बाहेर अंजनाबाईच्या चुलीवर भांडं वाजलं.

"पण मी तुले इचारलं होतं ना गा, चंपत?"

मी हो म्हटलं. मग तिनं हात काढून घेतला आणि पदर नीट केला. चहा आला, तो आम्ही दोघांनी प्यायला. निघताना तिनं मला गाडी हळू चालव म्हणून सांगितलं, नेहमीसारखंच.

पवनी माझ्याकडेच आहे. वासरू नाही म्हणून तिनं पान्हा चोरला आणि महिन्याभरात आटली. श्वेता मॅडमना विचारून पुन्हा एकदा भरवून पाहिलं, पण या वयात काही सांगता येत नाही म्हणतात. आता मी सगळं वेळेवर करतो. पानठेल्यावर कोणी नवीन गाय घेणारा भेटला तर त्याला घरी आणतो आणि धार काढण्याआधी काय करायचं ते चारदा सांगतो. ऐकणारा कंटाळतो. या कामात मी आता बरा तयार झालो आहे, आणि ज्या एका कालवडीसाठी तयार व्हायला हवं होतं ती गाडलेली आहे.

बाईचा फोन अजून रोज सकाळी येतो. पवनीनं काय खाल्लं, शेण कसं आहे, मागच्या पायाची सूज उतरली का. मी एकेक गोष्ट सांगतो, खरी तेवढीच सांगतो, कमी नाही आणि जास्त नाही. ती शेवटपर्यंत ऐकून घेते. बरं गा, म्हणते. मग म्हणते, फोन कांताले दे. आणि कांताला तेच सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारते.